पोर्ट म्हणजे नुसतं बंदर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आम्हा वास्कोवाल्यांना पोर्ट म्हटलं की मुरगाव बंदर, विषय संपला. पण परवा सिमकार्ड पोर्ट करायला दुकानात गेलो तर बरोबरचा सहावीतला नातू विचारतो, आबा, नंबर बोटीतून पाठवतात काय? दुकानदार हसला, मीही हसलो, पण उत्तर दोघांकडेही नव्हतं. मग घरी येऊन डिक्शनरी काढली आणि जेवायचं राहूनच गेलं.

बंदर या अर्थाचा पोर्ट लॅटिनमधल्या पोर्टुसवरून आला. चार्जरची पिन घालतो तो पोर्ट वेगळा, तो पोर्टा म्हणजे दरवाजा, पोर्तुगीज शिकलेली आपली म्हातारी माणसं दाराला पोर्ताच म्हणायची. आणि नंबर पोर्ट होतो तो तिसराच, पोर्टारे म्हणजे वाहून नेणे, स्टेशनवरचा पोर्टर त्याच घरातला. म्हणजे तिघे दिसायला जुळे, पण आडनावं वेगळी.

पोर्ट वाईनची गंमत तर आणखीनच. ती पोर्तुगालच्या पोर्तो शहरावरून, आणि पोर्तो म्हणजे परत बंदरच! खरी पोर्ट डोरू नदीच्या खोऱ्यातली, त्या भागाची हद्द 1756 मध्येच आखून दिली होती, आपल्याकडे नाताळात जी गोड बाटली फिरते ती नावाचीच पोर्ट (चव वाईट नाही, ते सोडा). बरं, पोर्तुगाल हे नावसुद्धा पोर्टुस काले या जुन्या बंदरावरून पडलं. साडेचारशे वर्षं राज्य करून गेले ते नावातच बंदर घेऊन आले होते, हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

जहाजाची डावी बाजू पण पोर्ट. आधी तिला लारबोर्ड म्हणत, उजवी स्टारबोर्ड, भर वाऱ्यात ओरडून सांगताना दोन्ही सारखंच ऐकू यायचं, म्हणून 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्ड बंद केलं.

शाळेच्या पुस्तकात मात्र पोर्ट = बंदर एवढंच लिहून सोडतात, निदान दोनचार अर्थ तरी द्यायला काय हरकत आहे?

हे सगळं नातवाला सांगितलं तर म्हणतो, मग बंदर कुठून आलं? म्हटलं फारसीतून. तर म्हणे, हिंदीच्या टीचर तर बंदर म्हणजे माकड सांगतात. आता ते वानरावरून आलं हे उद्या सांगेन, आज दमलो.

आपला,
एक वाचक, वास्को