केरांबिट शिकवावं का?

क्वालालंपूर

प्रिय दिनू,

तुझ्या आखाड्यातली पोरं मोबाइलवर केरांबिट, म्हणजे ती कड्याची बाकदार सुरी, गरगर फिरवणारे लोक बघून वेडी झालीत आणि आता तुझ्याकडे तेच मागतायत, हे वाचलं. शिकवू का, असं विचारलंयस. इतक्यात नको, असंच मी म्हणेन. का, ते जरा सविस्तर लिहितो.

हे शस्त्र मूळचं पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं. ते त्याला कुरंबियाक म्हणतात. पातं छोटंसं, धार आतल्या बाजूला आणि मुठीच्या टोकाला कडं. शेतातल्या विळ्यासारख्या अवजारातून ते आलं असं सांगतात. मला ते पटतं, कारण दोघांचंही काम ओढण्याचं. सरळ सुरीचा वार समोरचा हलला की घसरून जातो. इथे मात्र विळ्यात पेंढी सापडावी तसा हात किंवा पाय बाकात सापडतो, आणि मागे खेचशील तितकी धार रुतत जाते. त्यामुळे पातं एवढंसं असूनही पुरतं. जोरही नुसत्या मनगटाचा राहत नाही, खांदा आणि कंबर कामाला येतात.

दुसरी ताकद त्या कड्याची. उलट्या पकडीत, म्हणजे पातं करंगळीच्या बाजूला ठेवून धरलं की, तर्जनी कड्यात जाते. घामाने हात निसरडा झाला, मनगटावर फटका बसला, तरी शस्त्र सहसा पडत नाही. शिवाय मूठ सैल करून त्याच हाताने समोरच्याची बाही धरता येते. सिलात या इकडच्या युद्धकलेत धरणं, ढकलणं, पाडणं याला फार महत्त्व आहे, म्हणून हे शस्त्र तिथे इतकं चपखल बसतं. सिलेक हरिमाऊ, म्हणजे वाघाची शैली, बघितलीस तर लगेच लक्षात येईल. माणूस जवळजवळ जमिनीला टेकून सरकतो आणि समोरच्याचा पाय त्याच्या हाताशी येतो. इतक्या खाली, इतक्या जवळ केरांबिटसारखं दुसरं शस्त्र नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण उभ्याने आणि लांबून लढायची वेळ आली की ते लुळं पडतं. उलट्या पकडीत पातं करंगळीच्या बाजूने बाहेर येतं, त्यामुळे पल्ला मुठीच्या पुढे फारसा जात नाही. फिलिपिनो पद्धतीची 28 इंची वेताची छडी घेतलेला माणूस तुला आत शिरूच देणार नाही. तुमच्या लाठीचं तर बोलायलाच नको. बाकामुळे सरळ भोसकायला जोर मिळत नाही. अंगावर आलेला वार त्यावर झेलायचा म्हटलं तर बोटंच पुढे येतात.

सगळ्यात मोठी भीती मला बोटाची वाटते. पातं जाड कापडात अडकलं किंवा समोरच्याने हात पिळला, तर तर्जनी कड्यात अडकलेलीच असते आणि सांधा जातो. साध्या रबरी केरांबिटने सराव करतानाही बोट मुरगळलेलं मी पाहिलंय. आणि ते फिरवणं! त्या वेळी मूठ उघडी असते, सगळं शस्त्र एका बोटावर लटकलेलं असतं. नेमकी तेव्हाच हातावर थाप बसली तर काय उरतं? पोरांना हे आधी करून दाखव, नुसतं सांगून पटणार नाही.

धार लावणं हाही एक व्यापच. सपाट दगड आतल्या बाकाला लागतच नाही, गोल कांडीच लागते.

युनेस्कोने 2019 मध्ये इंडोनेशियाचा पेन्चाक सिलात आणि मलेशियाचा सिलात अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हापासून इकडे या विद्येबद्दलचा अभिमान आणखी वाढलाय. तरी स्पर्धेतल्या तुंगगल, म्हणजे एकट्याने करून दाखवायच्या प्रकारात आधी मोकळे हात, मग गोलोक नावाचा कोयता आणि मग काठी, एवढंच असतं, केरांबिट नाही. मिनांगकाबाऊ उस्तादही आधी लांगका, म्हणजे पावलंच घोटून घेतात. तुझ्याकडे मर्दानी खेळातले पवित्रे आहेत, पोरांचे पाय तयार आहेत. त्यांना आधी खाली बसून सरकायला शिकव, मोकळ्या हाताने धरून पाडायला शिकव. वर्षभर हे नेटाने करणाऱ्याच्याच हातात केरांबिट दे, तेही लाकडाचं.

लाकडी मी इथून पाठवतो. फक्त पोरांच्या तर्जनीची मापं दोऱ्याने घेऊन कळव. कडं घट्ट असलं तर बोट अडकतं, सैल असलं तर शस्त्र हातात डुगडुगतं. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्री