आधी घड्याळाची कामं

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तीस आजी-आजोबा, तू एकटी नर्स आणि सकाळच्या गोळ्या दुपारपर्यंत संपत नाहीत, असं तू लिहिलंस. यात तुझा हात संथ आहे असं मला मुळीच वाटत नाही. कायम राहणाऱ्या वृद्धांच्या वॉर्डात पळापळ करून काम आवरत नसतं. कोणतं काम घड्याळाला बांधलेलं आहे आणि कोणतं तासभर थांबू शकतं, एवढं ड्युटीच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरलं पाहिजे.

ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीच्या नर्सकडून वॉर्ड ताब्यात घेताना, सगळं एकाच कागदावर उतरव. नावापुढे साखर कधी तपासायची, इन्सुलिन कधी, रक्त पातळ करणारी गोळी आहे का, गिळताना ठसका लागतो का, उठवायला एक माणूस लागतो की दोन, आणि शौचाला शेवटचं कधी झालं. हा शेवटचा प्रश्न घाईत राहून जातो. तीन दिवस पोट साफ झालं नाही की जेवण तुटतं, चिडचिड वाढते, कधी लघवीही अडते, आणि मग त्या एका माणसामागे तुझी दुपार जाते. औषधांच्या ट्रॉलीला हात लावण्याआधी सगळ्यांना एकदा पाहून ये: श्वास कसा चाललाय, हाकेला नेहमीसारखी ओ देतात का, कॅथेटरच्या पिशवीत लघवी उतरली आहे का.

आता गोळ्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी. हाडांसाठीची अ‍ॅलेन्ड्रोनेटही उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. जलद काम करणारं इन्सुलिन जेवण आलेलं स्वतः पाहिल्यावरच दे. इंजेक्शन झालं आणि जेवण लांबलं तर साखर कोसळते. पार्किन्सनच्या लेव्होडोपाला उशीर अजिबात चालत नाही. अंग आखडलं की भरवणं, कपडे बदलणं, खुर्चीत बसवणं या प्रत्येक कामाला दुप्पट वेळ लागतो. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची असते, म्हणून ती सकाळच्या गर्दीतून काढूनच टाक.

वेळ वाचवायला सगळ्यांच्या गोळ्या आधीच वाट्यांत काढून ठेवायचा आणि औषध दिल्याच्या सह्या शेवटी एकदम करायचा मोह होईल. दोन्ही करू नकोस. मध्येच कोणी हाक मारते, वाट्यांची अदलाबदल होते, आणि कोणाला काय दिलं ते दोन तासांनी खात्रीने सांगता येत नाही. गिळता येत नाही म्हणून सरसकट गोळ्या कुटणंही धोक्याचं. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. पातळ औषध मिळेल का, हे फार्मासिस्टला विचार.

नव्या नर्सच्या सहसा लक्षात न येणारा एक उपाय आहे, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. डॉक्टर राउंडला आले की एकेका पेशंटचा औषधांचा तक्ता त्यांच्यासमोर ठेव. कोणती गोळी आता बंद करता येईल, दिवसातून तीनदाची एकदाच देता येईल का, विचार. बारा गोळ्यांच्या आठ झाल्या तर पेशंटचं भलं होतं आणि तुझी फेरीही रोज लवकर संपते.

ट्रॉलीपाशी कोणी बोलावलं तर श्वास, रक्तस्राव, छातीत दुखणं, पडणं किंवा घाम येऊन गुंगी एवढ्यासाठीच ट्रॉलीला कुलूप लावून धाव. साखर 70 च्या खाली असेल, माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम साखर पाण्यात दे, 15 मिनिटांनी पुन्हा तपास. पडलेल्याला लगेच उचलू नकोस. आधी डोकं, मान, कंबर बघ. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना तेव्हाच कळव.

म्हातारपणी न्यूमोनिया तापाशिवायही येतो. अचानक भ्रम होणं किंवा जेवण नाकारणं एवढीच खूण असू शकते, आणि ती बहुधा मदतनीस मावशींना आधी दिसते. म्हणून न्याहारीनंतर त्यांना विचार, ‘आज कोण वेगळं वाटतंय?’ डॉक्टरांना फोन लावण्याआधी बीपी, नाडी, श्वास, ताप, ऑक्सिजन, साखर आणि औषधांची यादी हाताशी ठेव.

दर दोन तासांनी कूस बदलताना त्याच खेपेत डायपर बघा, टाच आणि माकडहाडाची त्वचा बघा, गिळता येत असेल त्याला बसतं करून पाणी द्या. तीन खेपांचं काम एका खेपेत होतं. दोन माणसांचं उचलणं एकटीने करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

माणसं कमी असतील तर इन्चार्ज सिस्टरना ड्युटीच्या सुरुवातीलाच आकड्यांत सांग: इतकी ड्रेसिंग, इतक्या ट्यूब फीडिंग, हातात इतकी माणसं. लेखीही दे. आणि जे राहिलं ते ओव्हर देताना उघड सांग. न झालेलं ड्रेसिंग ‘झालं’ असं नोंदलं तर पुढच्या पाळीतली नर्स ती पट्टी उघडणारच नाही, आणि जखम चिघळल्याचं दोन दिवसांनी वासावरून कळेल.

तुझी आई