चोपण रान मेलेलं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उजनीच्या लाभक्षेत्रात वर्षानुवर्षे मोकाट पाणी देऊन ज्या रानांचा निचरा बंद पडून ती चोपण झाली, म्हणजे सोडियम साठून घट्ट आणि चिकट झाली, तिथे हल्ली सर्रास एक सल्ला दिला जातो : 'जमिनीतले जीवाणू मेलेत, जीवाणू खत सोडा.' या निदानापायी शेतकऱ्याचा पैसा वाया जातो, म्हणून हे पत्र.

चोपण रानात जीवाणू असतात आणि ते कामही करत असतात. मीठ आणि सोडा सोसणाऱ्यांचे तिथे राज्य असते, एवढाच फरक. आपण टाकलेल्या जिप्समचे (कॅल्शियम सल्फेटचे), गंधकाचे, पाचटाचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी तेच ठरवतात.

बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पाण्याचा सामू (pH) १० च्या आसपास. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला. तिथल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी उडून जाते, कॅल्शियम चुनखडी होऊन तळाला बसतो आणि सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, मागे उरतो. निचरा तुंबलेल्या काळ्या रानातही हेच होते, फक्त सावकाश.

अशा ठिकाणी जगणे सोपे नाही. बाहेर मीठ जास्त असले की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. हॅलोआर्किया पेशीत पोटॅशियम भरून तोल सांभाळतात; इतर अनेक जीवाणू एक्टोइन, ग्लायसिन बीटेन असे रेणू साठवतात. सोड्याचा त्रास वेगळाच. त्यासाठी पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकून प्रोटॉन आत घेणारे पंप लागतात; त्यांच्या जोरावर आतला सामू बाहेरच्यापेक्षा एक-दोन अंकांनी खाली ठेवता येतो. जीवाणू खताच्या पाकिटातला, हवेतला नत्र धरणारा अॅझोटोबॅक्टर किंवा रायझोबियम मात्र उदासीन सामूवर वाढवलेला असतो. मानकानुसार भुकटीत ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी असतात, पण सामू ९ च्या मातीत पडल्यावर त्यातल्या किती टिकतील याची हमी तो आकडा देत नाही. रायझोबियममुळे मुळांवर येणाऱ्या गाठी न धरलेला हरभरा उपटून पाहा, म्हणजे कळेल.

खर्च करण्याआधी दोन बाटल्यांची परीक्षा करावी. प्रत्येकीत अर्धा लिटर पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी आणि ५० ग्रॅम माती घ्या. बोअरचे पाणी नको, त्यातले क्षार गाळ खाली बसवतात आणि परीक्षा फसते. एकीत चमचाभर जिप्सम टाका, दोन्ही हलवून दिवसभर ठेवा. साधी बाटली गढूळ राहिली आणि जिप्समची निवळली, तर दोष सोडियमचा आहे. दोन्ही निवळल्या आणि रानात पांढरा थर येत असेल, तर बहुधा नुसते क्षार आहेत, निचरा आणि भरपूर पाणी हाच उपाय. पण क्षार आणि सोडियम दोन्ही असलेले खारवट-चोपण रान इथे चकवते, म्हणून विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, प्रयोगशाळेतून काढून घ्यावाच. अहवाल वाचतानाही एक चूक नेहमी होते. क्षारतेची मीटरला ४ डेसीसायमनची मर्यादा संपृक्त अर्कासाठी, म्हणजे माती पाण्याने जेमतेम भिजवून काढलेल्या पाण्यासाठी आहे. आपल्याकडची बहुतेक पत्रके एक भाग मातीला अडीच भाग पाणी अशा द्रावणाची असतात आणि त्यातला आकडा बराच कमी येतो. 'चारच्या खाली आहे, रान चांगले' असे त्यावरून म्हणता येत नाही.

आता जिप्सम. १०० ग्रॅम मातीतला एक मिलिइक्विव्हॅलंट (अहवालातले एकक) सोडियम वरच्या १५ सेंटिमीटरमधून हटवायला एकरी सुमारे पाऊण टन शुद्ध जिप्सम लागते. ते पाण्यात लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. एक टन विरघळायला एकरभर रानात सुमारे १० सेंटिमीटर पाणी हवे. कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटतो आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात येतो. हे पाणी रानाबाहेर गेलेच पाहिजे.

ते गेले नाही तर काय होते, हे फारसे कोणी सांगत नाही. चर नसलेल्या रानात पाणी साचते, हवा संपते. अशा वेळी डिसल्फोव्हिब्रिओसारखे सल्फेटवर श्वास घेणारे जीवाणू जागे होतात. गाडलेले पाचट किंवा धैंचा हे हिरवळीचे खत त्यांचे खाद्य. ते सल्फेटचे सल्फाइड करतात आणि बदल्यात बायकार्बोनेट सोडतात. म्हणजे जो सोडियम आपण पैसे मोजून कणावरून सोडवला, त्याचाच पुन्हा सोडा होतो. ढेकूळ फोडल्यावर आत काळे-निळसर दिसते ते लोहाचे सल्फाइड. कुजक्या अंड्याच्या वासावर विसंबू नये, कारण सामू ९ च्या वर तो वायू बहुतांशी पाण्यात विरघळलेलाच राहतो आणि नाकाला कमी कळतो. रंग पाहा.

म्हणून क्रम चुकवू नये. आधी चर किंवा सच्छिद्र पाईप. मग बारीक जिप्सम वरच्या १०–१५ सेंटिमीटरमध्ये मिसळून पाणी भरणे आणि ते चरात उतरू देणे. त्यानंतर धैंचा, पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी गाडायचा, तोही पाणी न साचवता. जीवाणू खत सगळ्यात शेवटी.

गंधकाचे गणित वेगळे. एक किलो गंधक साधारण ५.४ किलो जिप्समचे काम करते, म्हणून ते स्वस्त वाटते. पण त्याचे आम्ल करायला थायोबॅसिलससारखे हवेवर जगणारे जीवाणू लागतात. बारीक पूड मिसळून रान तीन-चार आठवडे वाफशावर, म्हणजे ओलसर पण हवा खेळती, ठेवावे. लगेच पाणी भरले तर गंधक तसेच पडून राहते. मातीत चुनखडीही हवी, कारण आम्ल तिच्यातलाच कॅल्शियम सोडवते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून फसफसले तर आहे असे समजावे. आपल्या बहुतेक काळ्या रानांत ती असते.

युरिया वर फेकू नये, त्याचा मातीत अमोनियम होतो. सामू ९.२५ ला मातीच्या पाण्यातला निम्मा अमोनियम अमोनिया वायू झालेला असतो, ८.२५ ला जेमतेम नऊ टक्के.

कृषी खात्याकडे एकच मागणी आहे. जीवाणू खताच्या पाकिटावर पेशींच्या आकड्याशेजारी जीवाणूचा तो वाण किती सामूपर्यंत आणि किती क्षारतेपर्यंत तगतो हे छापणे बंधनकारक करावे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने क्षारपड जमिनींसाठी जीवाणूंचे सोशीक वाण निवडण्याचे काम केले आहे. सोलापूरच्या चोपण रानांतूनही असे वाण वेगळे काढता येतील, आणि त्यासाठी माती घ्यायची ती पीक जळालेल्या ठिकाणी अजून हिरव्या असलेल्या झाडाच्या मुळाजवळची.

आपला,
एक मृदा अभ्यासक, सोलापूर