मुरघासाच्या मशीनवरच्या मिस्त्रींना

नमस्कार मिस्त्री,

यंदा मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा, करायला तुम्ही बेलर, म्हणजे चाऱ्याच्या गाठी बांधणारं मशीन, घेऊन आमच्या रानात आलात. गाठी छान मुरल्यात, जनावरं आवडीनं खातात. पण हे पत्र त्यासाठी नाही. त्या गडबडीत आमच्या रानातलं प्रत्येक माणूस धडधाकट घरी गेलं, ते तुमच्यामुळे. त्याचे आभार मानायचे आहेत.

तुमचा हिशेब गाठीवर. जितक्या गाठी पडतील तितके पैसे, आणि हंगामात पुढचा शेतकरी फोनवर फोन करत असतो. अशा वेळी मशीनच्या पट्ट्यावर मक्याची कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला चारा, तुंबली की काय होतं, ते मी इतर रानांत पाहिलंय. ट्रॅक्टर चालूच, आणि कुणीतरी काठीनं, नाहीतर सरळ हातानं कुट्टी आत लोटतो. तुम्ही दर वेळी पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद शाफ्टनं मशीनला देणारी जोडणी, बंद केलात, इंजिन बंद केलंत, चावी खिशात टाकलीत. इंजिन थांबलं तरी रोलर काही क्षण फिरत राहतात, ते पुरते थांबेपर्यंत कुणाला जवळ फिरकू दिलं नाहीत. आमचा पुतण्या घाईचा. "मामा, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणाला. तुम्ही रागावला नाहीत. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९, एवढंच सांगितलंत आणि विचारलंत, "तुला हात सोडवायला किती वेळ लागेल?" तो गप्प झाला. आता घरचं कडबाकुट्टीचं यंत्र तुंबलं तरी तो आधी बटण बंद करतो, हे तुम्हाला मुद्दाम कळवतेय.

सुरुवातीलाच तुम्ही बायकांना पदर खोचून वरून शर्ट घालायला लावलात, पोरांच्या गळ्यातले टॉवेल काढून बांधावर ठेवायला लावलेत. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तडकलेलं दिसलं, तर नवीन आणून बसवेपर्यंत मशीन सुरू केलं नाहीत. अर्धी सकाळ गेली. लोक कुरकुरले, तुम्ही ऐकून घेतलंत. हायड्रॉलिकच्या पाइपातून तेल गळतंय का, हे तुम्ही हात न लावता पुठ्ठा फिरवून बघत होतात. त्या दाबाचं तेल कातडी भेदून आत जातं, हे मला तेव्हाच कळलं. रॅपिंगच्या वेळी, म्हणजे गाठीला प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळताना, ती तुटली, तर फिरत्या टेबलावर टोक धरायला कुणी धावायचं नाही. टेबल थांबवायचं, मग पुन्हा जोडायची. आणि एवढं करूनही फिल्मचे सहा थर बसलेत का, हे तुम्ही प्रत्येक गाठीला बघितलंतच.

मळणी यंत्रांत हात गेलेली माणसं आपल्या भागात गावोगाव दिसतात. अशा यंत्रांसाठी केंद्र सरकारनं १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. पण रानात कायदा येऊन उभा राहत नाही. तिथं ज्याच्या हातात चावी आहे, त्याच्यावरच सगळं असतं.

तुमचा दर जास्त आहे असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. मशीन थांबवून ठेवलेल्या वेळेचा तोटा तुम्ही एकट्यानं का सोसायचा? पुढच्या हंगामात हिशेब करताना तो वेळही आम्ही धरणार आहोत. आमच्या ह्यांच्याशी बोलणं झालंय. मका पेरला की फोन करते, तारीख तुम्ही सांगाल ती.

तुमची,
वहिनी