‘आपल्याकडे वसंत नसतोच’ हे काही पटलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका लेखकमहाशयांनी लिहिलंय की महाराष्ट्रात वसंत ऋतू फक्त पंचांगात असतो. इथं थंडी संपली की थेट उन्हाळा. हा परिच्छेद मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. ती कुरडईचा चीक घाटत होती. हात न थांबवता म्हणाली, “त्यांना गच्ची नसेल.”

खरं तर पत्र इथंच संपायला हवं. पण मी चौतीस वर्षं पोस्टमन होतो, दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात आयुष्य गेलं, तेव्हा एक स्वतःचंही लिहावं म्हणतो. मी वाईचा. नोकरीची बहुतेक वर्षं सायकलवर गेली. गावातलं बीट (टपाल वाटायचा नेमून दिलेला भाग) होतं तेव्हा गल्ल्या, आणि खेड्यांचं बीट आलं तेव्हा रस्त्याकडेची झाडं एवढीच सोबत. कुणाच्या घराचा नंबर विसरलो असेन, पण कोणत्या वळणावर पळस आहे ते आजही सांगेन.

लेखकमहाशयांचं चुकतं कुठं, तर ते वसंत जमिनीवर शोधतात. हिरवळ, वाफ्यात फुललेली फुलं, वगैरे. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात जमीन करडीच असणार. गवत वाळलेलं, नांगरट झालेली ढेकळं, ओढ्यात नुसते गोटे. आपला वसंत मान वर करून बघायचा असतो. पाऊस पडायला अजून दोन-अडीच महिने असतात, विहिरी तळाला जात असतात, आणि नेमक्या त्याच वेळी झाडं नवी पानं काढतात. माझ्या बीटात वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहायचे. त्यांची पेन्शनची मनीऑर्डर नव्हती, पण मासिकं बरीच यायची, त्यामुळे गाठ पडे. ते म्हणायचे, झाडाची मुळं खोलवरच्या ओलीवर जगतात. जुनी पानं टाकून देऊन झाड पाणी वाचवतं आणि पाऊस यायच्या आत नवी पानं तयार ठेवतं. आणि पालवी तांबडी का, तर कोवळ्या पानाला कडक ऊन सोसत नाही, तो रंग त्याची सावली. मला ते “उन्हाळ्यात बाळाला टोपडं घालतात, तसं” असं समजावून सांगितलं होतं.

नाही म्हणायला पंचांगाबद्दल माझीही एक तक्रार आहे. वसंत पंचमी येते माघात, म्हणजे शिशिरात. त्या दिवशी आम्ही वाईकर कानटोपी घालून असतो. पण पंचमी लवकर येते म्हणून ऋतूच नाही असं कसं म्हणता येईल? चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने, आणि त्यातला चैत्र तरी मी पैज लावून दाखवायला तयार आहे.

सुरुवात काटेसावरीपासून होते. थंडी पुरती गेलेली नसते तोच तिची पानं झडतात आणि उघड्या फांद्यांवर वाटीएवढी लाल, जाड पाकळ्यांची फुलं बसतात. पाठोपाठ पळस. ‘पळसाला पानं तीन’ म्हणतात, पण ऐन बहरात त्याला पान एकही नसतं, सगळी काळपट देठातून वर आलेली केशरी फुलं. सायकल उभी करून मी झाडाखाली डबा खायचो तेव्हा वर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, खार, सगळ्यांची पंगत बसलेली असायची. भांडणं आमच्या सॉर्टिंगच्या टेबलावर होत नसतील इतकी. खाली पडलेली फुलं पिशवीत भरून आणायची आणि रंगपंचमीच्या आदल्या रात्री गरम पाण्यात टाकून ठेवायची. सकाळी पाणी पिवळं-केशरी होतं. कपड्यावर फार टिकत नाही, म्हणून मुलांना तो रंग कमअस्सल वाटायचा.

आता पांगाऱ्याचं सांगतो, कारण लेखकमहाशयांनी केलेली चूक मीही केलेली आहे. १९९८ साली आम्ही घरावर वरचा मजला चढवला. परसात कुंपणाला लागून पांगारा होता. जानेवारी संपत आलेला, झाडावर एक पान नाही, राखाडी काटेरी फांद्या नुसत्या. गवंडी म्हणाला, “वाळलंय ते. काढलं तर वाळू टाकायला जागा होईल.” मी मान हलवली. मी, रोज रस्त्यानं झाडं बघत जाणारा माणूस! दुपारी कामावरून आलो तेव्हा फांद्यांचा ढीग कुंपणापलीकडे पडला होता. बुंध्याचा काप ओला होता, बोट लावलं तर चिकट लागलं, तेव्हाच पोटात कालवलं. पंधरा दिवसांनी त्या तोडलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर राहिलेल्या कळ्या उमलल्या. पोपटाच्या चोचीसारखी वाकडी, लालभडक फुलं. दोन साळुंक्या त्या ढिगावर चालत चालत मध खात होत्या. चार दिवसांनी फुलं काळी पडली. जिथं पांगारा होता तिथं आता गच्चीवर जायचा जिना आहे, आणि मी रोज सकाळी त्याच जिन्यानं वर जातो.

वर जायचं कारण कुरडया. घरात माझ्याकडे एकच जबाबदारी आहे, वाळवणाची राखण. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरची निवळ ओतून द्यायची आणि पहाटे शिजवायला घ्यायचा, ही सगळी कामं बायको आणि सूनबाई करतात. मला पातेल्यातला पहिला गरम चीक वाटीत मिळतो, वर दूध-साखर. (आमच्या आईकडे तेल-मीठ घालून खायचे. यावरून आमच्याकडे चाळीस वर्षं वाद आहे.) मग सोऱ्यातून प्लॅस्टिकच्या कागदावर कुरडया पडतात आणि मी एक काठी, टोपी आणि तुमचा पेपर घेऊन जिन्याच्या सावलीत बसतो. ऊन वाढेल तशी कुरडई कडेनं वर उचलायला लागते. दुपारी उलटायची. संध्याकाळी ती वाजते.

शेजारच्या वाड्यात पिंपळ आहे, त्याच्या अर्ध्या फांद्या आमच्या गच्चीच्या बरोबरीनं येतात. फाल्गुनात त्याची इतकी पानं पडतात की शेजारणी वैतागतात. यंदा तर ‘कचरा करतो’ म्हणून फांद्या छाटून घ्यायचा अर्ज फिरत होता. मी सही केली नाही, एवढंच सांगतो. पाडव्याच्या आठवडाभर आधी त्याला तांबूस-गुलाबी पालवी आली. नवं पान आधी खाली मान घालून लोंबतं, ओल्या फडक्यासारखं. ऊन पलीकडून आलं की त्याची शीर न् शीर मोजता येते. दोन-चार दिवसांत रंग तांब्यावरून पोपटीवर जातो. एक गोष्ट मला कुरडया राखता राखताच कळली. पालवी आली की पिंपळ पंधराएक दिवस मुका असतो. वारा सुटला तरी पानं मऊ असल्यानं एकमेकांवर वाजत नाहीत. मग एका दुपारी, डुलकी लागलेली असताना, पहिली सळसळ ऐकू येते आणि पाऊस आला असं वाटून मी दचकून उठतो. गेल्या मंगळवारी ती आली.

त्याच झाडावर तांबट बसतो. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिकला, आणि आवाज मात्र तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा, टुक् टुक् टुक्, एका लयीत. एकदा मोजायला बसलो. एकशे चाळीसपर्यंत गेलो, मग चहा आला. कोकीळ पहाटे चारपासून सुरू होतो. नातू त्याला ‘कुऊऽ’ करून चिडवतो, की तो दर वेळी एक पट्टी वर चढवतो आणि शेवटी चिरक्या आवाजात गप्प होतो. नातवाला वाटतं आपण जिंकलो. मादी करडी, ठिपक्यांची. ती गुपचूप कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून असते. तोच कावळा माझ्या कुरडयांवर डोळा ठेवून असतो, त्यामुळे माझी सहानुभूती कोणाच्या बाजूला आहे हे सांगायला नको.

घरातला चैत्र वेगळा लिहायला हवा. पाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला आणि फुलं, भिजलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, हिंग, जिरं, ओवा असं वाटून चमचाभर हातावर ठेवतात. पाला सगळेच आणतात, पण लिंबाला त्या दिवसांत मोहर असतो, त्याचा रात्रीचा वास फार थोडे लोक घेतात. आठ वाजता दिवे गेले की आमच्या गल्लीत तो येतो. मग चैत्रगौर, तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. महिनाभर कुठल्या ना कुठल्या घरी हळदीकुंकू. भिजवलेले हरभरे ओटीत, कैरी घातलेली वाटली डाळ, पन्हं. डाळ भरड वाटलेली हवी. मिक्सरमध्ये तिचं पीठ करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, सूनबाई हे पत्र वाचणार आहे. माठात वाळ्याची जुडी, आणि रात्री वाटीभर पाण्यात मोगऱ्याची फुलं उशाशी. याला खर्च किती येतो? मोगरा दारात आहे. जुडी दोन वर्षं चालते.

आणि आमच्या भागाचा म्हणून एक खास वास आहे. वाईकडे हळद होते. फाल्गुनात काढलेली हळद शिजवून खळ्यावर वाळत घालतात. त्या दिवसांत सायकलवरून जाताना एका शेतात काहिलीची वाफ, पुढच्या शेतात मातकट-गोडसर वास, आणि खळंभर पिवळं. घरी पोचल्यावर खाकी शर्टालाही तो वास असायचा.

आता मुद्द्याचं. आपल्या पेपरात रोज कमाल-किमान तापमानाची चौकट असते. ती हवीच, शेतकऱ्याला लागते. पण मार्च उजाडला की पहिल्या पानावर उन्हाची होरपळ आणि आतल्या पानावर एसीच्या जाहिराती, यातून लोकांची समजूत होते की आता चार महिने पडदे ओढून बसायचं. त्या चौकटीखाली एक ओळ द्या ना, या आठवड्यात काय फुललंय. फोटोही नको. ‘बहावा लोंबायला लागला’, ‘कोकणात सुरंगीचे गजरे आले’, ‘महाबळेश्वरला अंजनीला निळी फुलं’, बस. वाचक पाठवतील. मी तर रोज पाठवीन, तुम्हालाच थांबा म्हणावं लागेल.

दुसरी विनंती डोंगरांबद्दल. पसरणी घाटाच्या बाजूला दर वर्षी या दिवसांत वणवे दिसतात. ते काही आपोआप लागत नाहीत. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीनं लावले जातात, काही विडीच्या थोटकानं. रात्री गच्चीवरून ती आगीची माळ सुंदर दिसते, हे मला लाजत कबूल करायला हवं. सकाळी जाऊन बघा. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलासकट करपलेल्या असतात. टिटवी उघड्या माळावर, खडीसारखी दिसणारी चार अंडी घालते. तिला घरटंही नसतं हलवायला. बातमीत ‘सुदैवाने जीवितहानी नाही’ असं छापून येतं, तेवढं वाक्य यापुढे जरा जपून वापरावं.

लेखकमहाशयांवर माझा राग नाही. त्यांनी वाईला यावं. बावधनच्या जत्रेतलं बगाड झालं की घाटात कोशिंबाचं झाड रंगानं पेटतं असं मी माझ्यापुरतं गणित ठेवलंय, आणि ते यंदाही चुकलं नाही. दुरून बघाल तर आख्खं झाड तांबड्या फुलांनी भरलंय असं वाटेल. जवळ गेलात की फूल एक नाही, सगळी पानंच. सकाळी साडेसातच्या आत, ऊन डोंगरावरून खाली उतरत असताना, पांचगणीकडे जाणाऱ्या गाडीत डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून बघायचं. पण लवकर या. हा रंग आणखी फार तर आठ-दहा दिवस टिकेल. मग तो हिरवा होतो, आणि बाकीच्या झाडांत कोशिंब कुठला ते मलाही सांगता येत नाही.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
वाई, जि. सातारा