विषय: लीज संपत आली तरी गाडीचा आकडा कोणी लेखी देत नाही, याबद्दल तक्रार

ग्राहक सेवा विभाग आणि त्यांच्या वर जे कोणी निर्णय घेतात ते,

आत्ताच तुमच्या माणसाने माझं बोलणं अर्धवट ठेवून फोन कट केला, म्हणून हे लिहितेय. करार क्रमांक तुमच्याकडे आहे, गाडी एमएच ११ पासिंगची, पांढरी प्लेट, आरसी माझ्या नावावर आणि त्यावर तुमच्या लीजची नोंद, २०२२ पासून ४८ महिने. लीजच्या शेवटी काय काय करता येतं हे मी तुम्हाला सांगायला नको, प्रॉडक्ट तुमचंच आहे. गाडी परत करायची, मुदत वाढवायची, नाहीतर पैसे भरून ठेवून घ्यायची. मला या तिन्हीचे आकडे कागदावर हवेत, मग मी ठरवते. एवढं एकच काम आहे आणि ते तुमच्याकडून होत नाहीये. उलट तुमचाच मेल येतो की लवकर कळवा, नाही कळवलं तर लीज महिन्या-महिन्याने आपोआप पुढे सरकेल आणि भाडं आहे त्याच मँडेटवरून, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला मी बँकेत दिलेल्या परवानगीवरून, कापलं जाईल. म्हणजे आकडा तुम्ही द्यायचा नाही, आणि मी ठरवलं नाही म्हणून दंड मलाच.

आधी विकत घ्यायचं बघू, कारण मला गाडी ठेवायचीच आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, साताऱ्यात राहते आणि पेशंटच्या घरी जाऊन ट्रीटमेंट देते, कोरेगाव, रहिमतपूर, उंब्रज, कधी कराडपर्यंत. लकवा झालेला माणूस किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेली आजी माझ्याकडे येऊ शकत नाही, मलाच जावं लागतं. गाडी नसेल तर माझं काम थांबतं. ही गाडी मला पाठ आहे, सर्व्हिसिंग एकदाही चुकवलेलं नाही, किलोमीटरही तुमच्या मर्यादेच्या आत आहेत.

करारात लिहिलंय की लीजच्या शेवटी गाडी "त्या वेळच्या बाजारभावाने" घेता येईल. बाजारभाव हा तुमचा शब्द आहे. पण फोनवर सांगतात काय, तर २०२२ च्या एक्स-शोरूम किमतीच्या ४५ टक्के. गाडीची तेव्हाची किंमत ७,७४,०००, म्हणून ३,४८,३००, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ४,१०,९९४, आणि प्रोसेसिंग वेगळं. हा एका फोनवरचा आकडा. दुसऱ्या फोनवर जीएसटी धरून ३ लाख ९० हजार होता, तिसऱ्यावर "हेड ऑफिस सांगेल".

आता बाजारभावाचं सांगते. माझी गाडी चार मीटरच्या आतली, ११९७ सीसी पेट्रोल. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि १ टक्का सेस होता तोही गेला. २०२२ ला कराआधी ६ लाखांची गाडी २९ टक्क्यांनी ७,७४,००० ला पडत होती, तीच कराआधीची किंमत धरली तर आज ७,०८,००० होते. नवीनच ६६ हजारांनी उतरली तर जुनीचा भाव तिथेच उभा राहणार आहे का? इथल्या जुन्या गाड्यांच्या डीलरना दाखवली तर ते तीन लाखांच्या आसपास बोलतात. आणि तुम्ही मला चार लाख सांगता तेही तोंडी. शिवाय जुन्या गाडीवर १८ टक्के म्हणजे कशावर? विकणाऱ्याने इनपुट क्रेडिट, म्हणजे गाडी घेताना भरलेल्या कराची वजावट, घेतलेलं नसेल तर कर फक्त मार्जिनवर, म्हणजे त्याच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. तुम्ही क्रेडिट घेतलंय की नाही ते तुमच्या अकाउंट्सला माहीत असणार, मग लिहून द्या. घेतलं असेल तर तसं लिहा, मी गप्प बसेन.

हेच आज मी विचारलं. तुमचे एक्झिक्युटिव्ह म्हणाले, "मॅडम, सिस्टिममध्ये जे आहे ते आहे." मी म्हटलं, मग सिस्टिममधलंच मेलवर पाठवा. "तसं पाठवता येत नाही." का? "प्रोसेस नाही." मी म्हटलं, अहो, चार लाख मागताय आणि एक कागद देत नाही, असं कसं चालेल, कोणीही साध्या दुकानात सुद्धा बिल मागतं. गप्प. मग मीच आवाज खाली आणला, कारण भांडून काही मिळत नाही, आणि सांगितलं की बघा, मला गाडी ठेवायचीय, चार वर्षं माझी गाडी म्हणून सांभाळलीय, तुम्ही फक्त योग्य आकडा द्या. तर ते हसले. शेजारच्या कोणाला तरी काहीतरी बोलले, तिकडूनही हसण्याचा आवाज आला, आणि मग मला म्हणाले, "मॅडम, गाडी तुमची कधी नव्हतीच. तुम्ही भाड्याने वापरली. परवडत नसेल तर आणून लावा आमच्या यार्डला." मी म्हटलं, तुमचं नाव सांगा. फोन कट.

परवडत नसेल. ज्या बाईचा ४८ महिन्यांत एक हप्ता बाउन्स झाला नाही तिला हे बोलता तुम्ही. कॉल रेकॉर्ड होतो असं सुरुवातीला तुमचंच मशीन सांगतं, काढून ऐका. वरच्या कोणीतरी बसून पूर्ण ऐका, ते हसणं पण ऐका.

आणि गाडी माझी नव्हती, तर मग खंबाटकीच्या पुढे कॅमेऱ्याने पकडलेलं स्पीडचं चलन माझ्या नावावर कसं आलं, ते मी भरलं, पीयूसी मी काढली, टायर मी बदलले, दसऱ्याला हार मी घातला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) मध्ये सरळ लिहिलंय की लीजवरच्या गाडीत करारानुसार गाडी ज्याच्या ताब्यात, तोच मालक धरायचा. जबाबदारी येते तेव्हा मी मालक, किंमत विचारली की मी भाडेकरू, असं दोन्हीकडून नाही चालणार.

बरं, परत द्यायची म्हटलं तर काय? पुण्याहून तुमचा इन्स्पेक्शनवाला आला, गोडोलीत पार्किंगमध्ये मोबाईलवर फोटो काढले आणि गेला. रिपोर्ट मागितला तर "इंटर्नल आहे". फोनवर कळलं की बंपरचा ओरखडा आणि काचेवरचा खड्याचा टिपका याचे पैसे डिपॉझिटमधून जाणार. किती, ते नाही सांगितलं. शेंद्र्यापासून कागलपर्यंत हायवे सहापदरी करायचं काम चाललंय, डंपरमागून जाताना खडी उडतेच, त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या कुठल्याही गाडीच्या काचेवर बघा. करारात "सामान्य झीज" वगळलीय पण सामान्य म्हणजे किती ते कुठेच नाही, ना सेंटिमीटर, ना फोटो, ना दरपत्रक. म्हणजे तुम्ही म्हणाल ते.

याहून वाईट म्हणजे गाडी परत देताना फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या मागितल्या. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. "सगळेच देतात" म्हणे. मी नाही देणार. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय की गाडी कितीही हात फिरली तरी आरसीवर ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. उद्या तुमच्या यार्डातून गाडी कोणी नेली, नाव बदललं नाही आणि कुठे कोणाला उडवलं तर नोटीस माझ्या दारात येणार. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरकडे गाडी दिल्याची आरटीओला कळवायची सोय फॉर्म २९सी ने झालेली आहे. तुमचा घेणारा अधिकृत असेल तर ती नोंद करा आणि पोच द्या, नसेल तर घेणाऱ्याचं नाव भरलेले फॉर्म आणा, तिथेच सही करते. फास्टॅगही माझ्या खात्यावर आहे, तो बंद होईपर्यंत आनेवाडी आणि तासवड्याचे टोल मी कोणासाठी भरायचे?

मुदतवाढीबद्दल तर बोलायलाच नको. गाडी चार वर्षं जुनी झाली, किंमत उतरली आणि भाडं तेच. इथेच अजून एक गोष्ट, जी मी आधीही लिहिलीय आणि उत्तर आलेलं नाही. भाड्याच्या गाडीला जीएसटी तोच लागतो जो ती गाडी विकताना लागतो. मग २२ सप्टेंबर २०२५ नंतरच्या माझ्या इन्व्हॉइसची एकूण रक्कम रुपयानेही कमी का नाही झाली? करारात मूळ भाडं अधिक लागू असलेला कर असं आहे. कर २९ चा १८ झाला आणि बेरीज तीच, म्हणजे मूळ भाडं वाढवलंत की कर जास्त घेतलात, दोन्हीपैकी एक झालंय. त्या महिन्यांची फोड करून द्या आणि फरक परत करा.

मला काय हवंय ते शेवटचं सांगते. गाडी ठेवायचा आकडा, मूळ किंमत, कर आणि तो कशावर लावला, प्रोसेसिंग, सगळं वेगवेगळं लिहून. त्यासोबत हेही लिहून की पैसे भरल्यावर लीजची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि एनओसी (ना हरकत पत्र) किती दिवसांत देणार, कारण आरसीवरची तुमची नोंद निघाल्याशिवाय गाडी मोकळी होत नाही. इन्स्पेक्शन रिपोर्ट फोटोंसकट आणि प्रत्येक ओरखड्याचा दर. डिपॉझिट कधी परत येणार. आणि हे सगळं मिळेपर्यंत लीज आपोआप वाढवायची नाही. मँडेट थांबवायचा अर्ज मी बँकेत भरून ठेवलाय, लीजची तारीख उलटल्यावर एक रुपया कापायचा प्रयत्न झाला तर तोही तक्रारीत जोडणार.

तक्रार कुठे ते पण सांगते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवणार, आणि तिथून हललं नाही तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथे केस करता येते, तुमच्या हेड ऑफिसच्या गावाला यायची गरज नाही. मी भरलेली रक्कम ५ ते १० लाखांच्या मधली आहे, त्याला फी फक्त २०० रुपये आहे. तुमचे वकील म्हणतील गाडी धंद्यासाठी होती, तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः काम करणारा त्या कायद्यात ग्राहकच आहे, वाचून घ्या. तुम्ही एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली वित्त कंपनी असाल तर ३० दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाईन.

मला हे करायची हौस नाही. माझे पेशंट सोडून मी तारखा करत बसणार नाही असं तुम्ही धरून चालला असाल तर ते चुकीचं आहे. तुमची लीज चांगली आहे, हिशोब सरळ आहे असं मी वाईच्या आणि कराडच्या माझ्याबरोबरच्या डॉक्टरांना स्वतः सांगितलं होतं आणि त्यातल्या एकीने माझ्या शब्दावर तुमच्याकडून गाडी घेतलीय. तिची लीज पुढच्या वर्षी संपतेय. आज संध्याकाळीच तिला फोन करून सांगितलं की आत्तापासून सगळं मेलवरच माग, फोनवर एक शब्द बोलू नकोस.

मलाही फोन करू नका. लिहून पाठवा.

लीजधारक, सातारा