देवीची लस, मॅजिस्ट्रेट आणि आईबापांचा नकार

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लसीकरणाच्या इतिहासावर लिहिताना विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये देवीची लस नाकारणाऱ्या आईबापांना सरसकट अडाणी ठरवले जाते. लशीच्या गुणाविषयी ते चुकत होते, यात मला शंका नाही. ग्लॉस्टर शहरात लस घेणाऱ्यांचे प्रमाण घसरलेले असताना १८९५-९६ च्या साथीने चारशेहून अधिक बळी घेतले. पण त्यांच्या संतापाला कायद्याच्या अंमलबजावणीने जे खतपाणी घातले, त्याकडे दुर्लक्ष करणे मला अन्यायाचे वाटते.

१८५३ पासून तान्ह्या मुलाला लस टोचणे सक्तीचे होते. हे काम गरिबांच्या वर्कहाउसचा (निराधारांना कामाच्या मोबदल्यात आसरा देणाऱ्या संस्थेचा) कारभार पाहणाऱ्या ‘गार्डियन’ मंडळाकडे सोपवलेले होते. म्हणजे देवीचा रुग्ण सापडला की त्याला वेगळे ठेवण्याची आणि घर निर्जंतुक करण्याची जबाबदारी नगर परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याची, आणि मुळात लस टोचण्याचा कारभार मात्र दुसऱ्याच मंडळाच्या हाती! लोकांची नाराजी ओढवून घेणाऱ्या कामाची यापेक्षा वाईट विभागणी मला सुचत नाही. दंड वीस शिलिंगांपर्यंत होता. सधन माणूस तो भरून मोकळा होई. ज्याला भरणे जमत नसे, त्याच्या घरातले सामान जप्त होई किंवा त्याला तुरुंगात जावे लागे, आणि त्याच मुलासाठी पुन्हापुन्हा खटला भरण्याची सोयही कायद्यात होती. लेस्टर शहरात १८८५ साली सक्तीविरुद्ध निघालेल्या प्रचंड मोर्चामागे हा अनुभव होता.

१८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकबुद्धीने घेतलेली हरकत मान्य केली आणि एका मुलाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर लस टोचण्याची जुनी रीत मागे पडून वासराच्या अंगावर तयार केलेली, ग्लिसरीन मिसळलेली लस वापरात आली. ही दुसरी सुधारणा मोठी होती, कारण जुन्या रीतीतून इतर रोग पसरण्याची भीती निराधार नव्हती. पण सवलत मिळवण्यासाठी मूल चार महिन्यांचे होण्याआधी मॅजिस्ट्रेटचे ‘समाधान’ करावे लागे, आणि कशाने समाधान व्हावे, हे ज्याचे तो ठरवी. कुठे अर्ज सहज मंजूर होत, तर कुठे मजुराला भर कोर्टात उलटतपासणीला तोंड द्यावे लागे. मनातल्या श्रद्धेचा पुरावा कोर्टात कोणी कसा द्यावा? ही अट १९०७ च्या कायद्याने काढली आणि १९०८ पासून साधे प्रतिज्ञापत्र पुरेसे ठरले. त्यानंतर सवलत घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, हे खरे. पण तो आकडा केवळ लशीवरच्या अविश्वासाचा मानू नये; आधी कोर्टाच्या धाकाने गप्प बसलेले आईबापही त्यात होते.

सक्ती रद्द व्हायला १९४८ साल उजाडले. तोपर्यंत नगरांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी रुग्णाची तातडीने नोंद, विलगीकरण रुग्णालय आणि संपर्कात आलेल्यांवर देखरेख यांच्या बळावर साथी आटोक्यात ठेवण्याचे मोठे काम केले होते. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर पुन्हा लिहिताना या अधिकाऱ्यांच्या कामालाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक